स्टॉरमाँटचे फाटक

१९९६ सालच्या जूनच्या १० तारखेस बेलफास्टनजीक स्टॉरमाँट येथे उत्तर आयर्लंडच्या भवितव्याविषयी सर्वपक्षीय वाटाघाटी सुरू झाल्या, तेव्हा निवडणुकीत पंधरा टक्क्यांहून अधिक मते मिळविलेल्या शिन फेनचे प्रतिनिधी बंद फाटकाबाहेर उभे होते. कारण त्या पक्षाशी निगडित सशस्त्र संघटना आयरिश रिपब्लिकन आर्मी हिने फेब्रुवारीत लंडनमध्ये स्फोट घडवून आपली शस्त्रसंधी मोडली होती, आणि ती पुन्हा जाहीर झाल्यावाचून त्या पक्षास बैठकीत जागा नाही, असा ब्रिटिश व आयरिश या उभय सरकारांचा दंडक होता. हा दंडक कठोर असला तरी मला तो न्याय्य वाटतो. कारण त्या फाटकाची किल्ली बाहेर उभ्या असलेल्यांच्याच हाती ठेवलेली होती.

मात्र ते फाटक कायमचे बंद ठेवणेही परवडणारे नव्हते. केवळ मवाळांच्या संमतीवर उभारलेला तह किती टिकतो, याचा कडू अनुभव गाठीशी होता. १९७३ च्या सनिंगडेल कराराने तीन पक्षांचे संयुक्त मंत्रिमंडळ सत्तेवर आणले. परंतु बाहेर राहिलेल्या कडव्या प्रॉटेस्टंटांच्या पाठिंब्याने कामगारांनी मे १९७४ मध्ये संप पुकारला, वीजपुरवठा कोलमडला आणि दोन आठवड्यांत ते मंत्रिमंडळ गडगडले.

म्हणूनच १९९६ च्या निवडणुकीत एकशेदहांपैकी वीस जागा राखून, सर्वाधिक मते मिळविणाऱ्या पहिल्या दहा पक्षांना प्रत्येकी दोन देण्याची तजवीज झाली. सशस्त्र प्रॉटेस्टंट संघटनांशी नाते असलेले दोन लहान पक्ष याच वाटेने आत आले. आणि काही आठवड्यांपूर्वीच स्थापन झालेली स्त्रियांची आघाडीही, अवघ्या एक टक्का मतांवर, मोनिका मॅकविल्यम्स व पर्ल सेगर या दोघींना घेऊन आत आली. एक कॅथलिक, दुसरी प्रॉटेस्टंट! हिंसाचारात होरपळलेल्यांची विचारपूस आणि दोन्ही समाजांच्या मुलांचे एकत्र शिक्षण, हे विषय होऊ घातलेल्या करारात यावेत म्हणून या आघाडीने जो आग्रह धरला, त्यामुळे त्या दोन जागांचे मोल माझ्या लेखी फार मोठे आहे.

जुलै १९९७ मध्ये शस्त्रसंधी पुन्हा जाहीर झाली आणि सप्टेंबरात शिन फेन आत आला. त्याच्या प्रवेशाच्या निषेधार्थ कडवे प्रॉटेस्टंट नेते इयन पेझली यांचा पक्ष निघून गेला, पण दुसरे प्रॉटेस्टंट नेते डेव्हिड ट्रिंबल यांचा पक्ष राहिला. त्यानंतरचे महिने एकाच दालनात बसूनही ट्रिंबल शिन फेनचे नेते जेरी अॅडम्स यांच्याशी थेट बोलत नसत. जे सांगावयाचे ते वाटाघाटींचे अध्यक्ष जॉर्ज मिचेल यांना उद्देशून सांगत. १० एप्रिल १९९८ रोजी करार झाला, तेव्हाही त्या दोघांचे हस्तांदोलन झालेले नव्हते.