सतरा गोल आणि दुसरं वर्ष

ऑक्टोबर २०२४. व्हिएतनाममधल्या हो ची मिन्ह शहरात आशियाई महिला चॅम्पियन्स लीगचे गटसामने चालू होते. या स्वरूपातली ही स्पर्धा पहिल्यांदाच होत होती. भारताकडून ओडिशा एफसी हा क्लब गेला होता. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांनी देशाची महिला लीग जिंकली होती. समोर जपानचा उरावा रेड डायमंड्स होता. निकाल लागला १७-०.

असा स्कोअर फोनवर दिसला की आधी वाटतं, ॲप गंडलंय. मग लोक हसतात, मीम फिरतात आणि दोन दिवसांत सगळे विसरतात. मला मात्र तो आकडा विसरता आला नाही, कारण गोष्ट तिथे संपली नाही. पुढच्याच हंगामात, एप्रिल २०२५ मध्ये, हाच ओडिशा एफसी भारताच्या अव्वल लीगमधून खाली घसरला. साधारण वर्षभरात देशाचा विजेता क्लब दुसऱ्या श्रेणीत गेला.

नवख्या संघाने वरच्या पायरीवर पाय ठेवला की पहिलं वर्ष मार खाण्याचंच असतं. शाळा बदललेल्या पोराला पहिल्या चाचणीत कमी मार्क पडावेत, तसं. त्या माराचं पुढे काय होतं, हे दुसरं वर्ष मिळतं की नाही यावर ठरतं. भारतातल्या महिला फुटबॉलचा इतिहास मला या एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतो.

जपान तेव्हा आपल्या मागे होता

सतरा गोल झाले की आपण पटकन म्हणतो, जपान कुठे आणि आपण कुठे! पण हे अंतर कायमचं नव्हतं.

भारतात महिला फुटबॉलची राष्ट्रीय संघटना १९७५ साली उभी राहिली. ती पुरुषांच्या महासंघापेक्षा वेगळी होती आणि तिच्याकडे पैसा बेताचाच होता. तरीही जानेवारी १९८० मध्ये कोझिकोडला झालेल्या आशियाई स्पर्धेत भारताच्या मुली अंतिम फेरीत पोचल्या आणि तैवानकडून ०-२ हरून उपविजेत्या ठरल्या. १९८३ मध्ये पुन्हा उपविजेतेपद मिळालं.

जपानच्या महिला संघाने आपला पहिला अधिकृत सामना खेळला तो १९८१ साली, म्हणजे भारत आशियात दुसरा आल्यानंतर. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टोकियोत, घरच्या मैदानावर, इटलीने जपानला ९-० हरवलं.

फरक पुढच्या वर्षांत पडला. जपानने १९८९ मध्ये महिलांची राष्ट्रीय लीग सुरू केली. खेळाडूंना दरवर्षी, ठरलेल्या वेळी, ठरलेले सामने मिळू लागले. २०११ मध्ये अमेरिकेला हरवून जपान जगज्जेता झाला. नऊ गोल खाल्ले त्याला तेव्हा तीस वर्षं झाली होती.

आपल्याकडे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला महिला फुटबॉल अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या, म्हणजे एआयएफएफच्या हातात गेलं. राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा होत राहिली, पण क्लबांची लीग नव्हती. २००९ मध्ये तर भारताचं नाव फिफाच्या महिला क्रमवारीतूनच निघालं. कारण काय, तर दीड वर्षाहून जास्त काळ संघाने एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळला नव्हता. संघ हरला म्हणून नाव गेलं नाही, खेळलाच नाही म्हणून गेलं. एकेकाळचा आशियाचा उपविजेता यादीतून नाहीसा झाला आणि बातम्यांत त्याचा फारसा गाजावाजाही झाला नाही.

अठरा दिवसांचा हंगाम

इंडियन विमेन्स लीग अखेर सुरू झाली ती २८ जानेवारी २०१७ रोजी, दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर. संघ सहा. इम्फाळचा ईस्टर्न स्पोर्टिंग युनियन, ओडिशाचा रायझिंग स्टुडंट्स क्लब, मिझोरामचा ऐजॉल, हरियाणातल्या अलखपुरा या गावाचा संघ, तामिळनाडूचं जेप्पियार इन्स्टिट्यूट आणि महाराष्ट्राकडून एफसी पुणे सिटी. पुरुषांच्या झगमगत्या इंडियन सुपर लीगमधल्या क्लबांपैकी त्या वर्षी महिलांचा संघ उतरवणारा हा एकटाच होता.

१४ फेब्रुवारीला अंतिम सामना झाला. ईस्टर्न स्पोर्टिंगने रायझिंग स्टुडंट्सला ३-० हरवलं. लीग संपली. देशाच्या अव्वल श्रेणीचा अख्खा हंगाम अठरा दिवसांत आटोपला.

याचा अर्थ मैदानावर काय होतो ते बघा. साखळीत प्रत्येक संघाला पाच सामने. पहिल्या सामन्यात तुमची डावी बाजू उघडी पडली, तर ती सुधारायला वेळ मिळतो एक-दोन दिवसांचा, तोही हॉटेलात. पाच सामने संपले की खेळाडू आपापल्या घरी, नोकरीवर किंवा कॉलेजात परतणार. अनेकींचा खरा आधार रेल्वे, पोलीस किंवा सशस्त्र सीमा बलातली नोकरी असायचा. क्लब म्हणजे काही आठवड्यांची गाठ. अशा 'हंगामात' हरणं होतं, पण हरण्यातून शिकणं व्हायला जागाच नव्हती.

दुसऱ्या वर्षाचं काय झालं? पुढच्या मोसमात शिलाँगला मुख्य फेरीत सात संघ खेळले, त्यांत पुणे सिटी नव्हता. २०१९ मध्ये तो क्लबच बंद झाला. पहिली विजेती ईस्टर्न स्पोर्टिंग आणि दुसऱ्या वर्षीची विजेती रायझिंग स्टुडंट्स ही दोन्ही नावंही आज अव्वल लीगमध्ये दिसत नाहीत.

क्लब बंद व्हायला मुलींनी हरावंच लागतं असंही नाही. मार्च २०२३ मध्ये केरळा ब्लास्टर्सचा पुरुष संघ बंगळुरूविरुद्धचा बाद फेरीचा सामना अर्धवट सोडून मैदानाबाहेर गेला. महासंघाने क्लबला चार कोटी रुपयांचा दंड केला. त्याच वर्षी जूनमध्ये क्लबने आर्थिक कारण सांगून आपला महिला संघ थांबवला. तो सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. रागावून मैदान सोडलं एकांनी, घरी बसल्या दुसऱ्याच.

शिडीला पायऱ्या लागल्या

खरा बदल झाला २०२३-२४ मध्ये. अव्वल लीग सात संघांची झाली आणि सामने घरच्या व बाहेरच्या मैदानावर होऊ लागले. प्रत्येकाला बारा सामने, डिसेंबर ते मार्च. त्याखाली आयडब्ल्यूएल-२ ही दुसरी श्रेणी आली. म्हणजे पहिल्यांदाच शिडीला पायऱ्या लागल्या. खालून वर चढता येईल आणि वरून खाली पडताही येईल.

त्या पहिल्या मोसमात कोलकात्याचा ईस्ट बंगाल तक्त्याच्या खालच्या अर्ध्यात राहिला. नाव शंभर वर्षांचं, पण महिलांच्या या लीगमध्ये तो नवखाच होता. पुढच्या वर्षी गोकुलम केरळाला आधी विजेतेपदं मिळवून दिलेले प्रशिक्षक अँथनी अँड्रयूज त्यांच्याकडे होते, संघ बांधला गेला आणि एप्रिल २०२५ मध्ये ईस्ट बंगाल विजेता झाला. त्यानंतर आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये त्यांनी इराणच्या बाम खातूनला ३-१ असं हरवलं. ज्या फेरीत वर्षभरापूर्वी भारतीय क्लबने सतरा गोल खाल्ले होते, ही तीच फेरी.

गोकुलमचीही कहाणी अशीच. २०१८ मध्ये शिलाँगला पहिल्यांदा खेळले तेव्हा उपांत्य फेरीही गाठता आली नाही. पुढच्या वर्षी उपांत्य फेरीत हरले. फेब्रुवारी २०२० मध्ये क्रिफ्साला ३-२ हरवून विजेते झाले, आणि त्यानंतरच्या दोन्ही मोसमांतही तेच जिंकले. क्लबने पहिल्या वर्षाचा निकाल बघून दुकान बंद केलं नाही, म्हणून पुढचं सगळं घडलं.

आता खालून चढलेले. २०२४ मध्ये दुसऱ्या श्रेणीतून दोन संघ वर आले. कोलकात्याचा श्रीभूमी आणि ओडिशाची निता फुटबॉल अकादमी. आठ संघांत प्रत्येकी चौदा सामने. श्रीभूमी पहिल्याच मोसमात तिसरे आले. नितासाठी काम जास्त कठीण होतं, पण तेही टिकले. घसरले ते ओडिशा एफसी आणि हॉप्स, म्हणजे आधीपासून वर असलेले दोन संघ. नव्यांना जागा मिळणं आणि जुन्यांना ती राखावी लागणं, लीग जिवंत असल्याचं हेच लक्षण.

इंग्लंडची लीग आज जगातल्या श्रीमंत महिला लीगांपैकी एक आहे, पण तिथेही पहिलं वर्ष सोपं जात नाही. २०२३ मध्ये बढती मिळवून वर आलेल्या ब्रिस्टल सिटीने पुढच्या मोसमात २२ सामन्यांत एकच विजय मिळवला. सहा गुण, तळाचं स्थान आणि परत खाली. मला त्यातला महत्त्वाचा आकडा २२ वाटतो. एक सामना जिंकलेल्या संघालासुद्धा पूर्ण मोसमभर, दर थोड्या दिवसांनी, देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंसमोर उभं राहायला मिळालं. आणि ही लीगही रातोरात आलेली नाही. १९२० च्या नाताळात डिक, कर लेडीज या संघाचा सामना बघायला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर ५३ हजार लोक आले होते. दुसऱ्याच वर्षी, डिसेंबर १९२१ मध्ये, इंग्लिश फुटबॉल संघटनेने आपल्या मैदानांवर महिलांना बंदी केली. ती उठायला जवळपास पन्नास वर्षं लागली. दुसरं वर्ष काढून घेणं म्हणजे काय, ते याहून स्पष्ट कुठे दिसणार?

नागपूरला हे चांगलं माहीत आहे

आता आपल्या गावाकडे येतो. नागपूरला फुटबॉल नवीन नाही. कामठी ही इंग्रजांनी वसवलेली छावणी, आणि तिथल्या रब्बानी क्लबचं नाव इथल्या फुटबॉलवाल्यांना सांगावं लागत नाही. पण तो पोट्ट्यांचा खेळ. पोट्टीने खेळायचं तर शाळा संपेपर्यंत, असा अलिखित कायदा.

त्याला धक्का दिला तो झोपडपट्टी फुटबॉलने. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी २००१ च्या सुमारास वस्त्यांमधल्या मुलांना घेऊन सुरू केलेलं काम पुढे 'स्लम सॉकर' म्हणून जगभर गेलं. त्यात मुलीही आल्या. २०१६ मध्ये फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला. २०२२ मध्ये नागराज मंजुळेंचा 'झुंड' आला आणि देशाला ही गोष्ट कळली. हे खेळाडू ज्या होमलेस वर्ल्ड कपला जातात, त्याचा एक नियम आहे. एका खेळाडूला आयुष्यात एकदाच त्यात खेळता येतं. नियम योग्यच आहे, कारण ती स्पर्धा आयुष्याला वळण देण्यासाठी आहे, कारकीर्द घडवण्यासाठी नाही. पण परत आलेल्या मुलीने पुढे कुठे खेळायचं, याचं उत्तर त्या स्पर्धेने द्यायचं नसतं. ते आपण द्यायचं असतं.

महाराष्ट्राने ते दिलेलं नाही. २०२२ च्या सुरुवातीला महिलांचा आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला. भारताचा संघ इराणशी ०-० बरोबरीनंतर कोरोनामुळे स्पर्धेतूनच बाहेर पडला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक नवी मुंबईतही खेळला गेला. मैदानं सजली, दिवे लागले. पण २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही मोसमांत अव्वल महिला लीगमध्ये महाराष्ट्राचा एकही क्लब नव्हता. शेजारच्या गोव्याच्या सेसा फुटबॉल अकादमीने मात्र २०२५ मध्ये दुसऱ्या श्रेणीतून वर उडी मारली.

कुणी म्हणेल, विदर्भाकडून एवढी अपेक्षा कशाला? मग क्रिकेट आठवा. विदर्भ रणजी करंडकात पहिल्यांदा खेळला १९५७-५८ मध्ये. त्यानंतर कित्येक वर्षं विदर्भ म्हणजे मोठ्या संघांसाठी हमखास गुण. तरीही विदर्भाला दरवर्षी सामने मिळाले, कारण स्पर्धेतली जागा कुणी काढून घेतली नाही. मग अकादमी झाली, चांगले प्रशिक्षक आले, आणि १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरला दिल्लीला हरवून फैज फजलच्या संघाने रणजी जिंकली. पुढच्या वर्षी परत जिंकली. साठ वर्षं हरण्याची मुभा मिळाली, म्हणून तो दिवस आला.

मुलींच्या फुटबॉलला साठ वर्षं कुणी मागत नाही. मागणं साधं आहे. जिल्ह्याची मुलींची लीग दरवर्षी ठरलेल्या महिन्यात व्हावी. राज्याच्या स्पर्धेसाठी विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला जायचं तर तिकिटाचे पैसे मुलींच्या बापाच्या खिशातून जाऊ नयेत. एखाद्या क्लबने मुलींचा संघ काढलाच, तर निदान तीन मोसमांचा पैसा आधी बाजूला ठेवून काढावा, म्हणजे पहिल्या वर्षीच्या तक्त्यावरून कुणी त्याचा निकाल लावणार नाही.

उद्या नागपूरचा मुलींचा संघ खरंच आयडब्ल्यूएलमध्ये पोचला, तर तो आधी हरेल. कदाचित सात-आठ गोलांनी हरेल, आणि फोनवर तो स्कोअर बघून कुणीतरी हसेल. मी त्या दिवशी त्यांचा पुढचा सामना कधी आहे ते बघीन, आणि त्यानंतर पुढच्या मोसमाच्या यादीत त्यांचं नाव आहे का, ते.