उचलली जीभ, लावली माईकला



कुणी विचार न करता बोललं की आपण म्हणतो, "उचलली जीभ लावली टाळ्याला." नदीवर धुणं धुताना बोललेलं चार जणींत राहतं. फार तर दुसऱ्या वाडीपर्यंत जातं. रेडिओवर बोललेलं मात्र एकाच वेळी कितीतरी घरांत शिरतं, आणि ऐकणारी बाई तिथल्या तिथे "थांब गं, हे खोटं आहे" असं म्हणू शकत नाही. म्हणूनच रेडिओवर कोणी काय बोलावं, आणि ते कुणाला लागलं तर पुढे काय व्हावं, हा प्रश्न रेडिओ आला तेव्हापासून चालत आला आहे. आज त्याचा थोडा इतिहास पाहू.

सुरुवात आपल्या महाडपासूनच करते. १९२७ साल. २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबर आलेले हजारो लोक चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. नगरपालिकेनं ते तळं १९२४ मध्येच सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला होता. म्हणजे लोकांनी आपला हक्कच बजावला. पण थोड्याच वेळात गावात आवई उठली की, "आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार." तसं काहीच ठरलेलं नव्हतं. तरी तेवढ्या एका वाक्यावर जमाव चालून आला आणि परिषदेला आलेल्या माणसांना मारहाण झाली. तळ्याचा खटला पुढे दहा वर्षं चालला आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल १९३७ मध्ये आला. त्या दिवशी महाडात ना माईक होता ना रेडिओ. खोटा शब्द तोंडातोंडीच फिरला. बोलणारे नामानिराळे राहिले आणि मार खाल्ला दुसऱ्यांनी.

त्याच वर्षी २३ जुलैला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं रेडिओ केंद्र सुरू झालं. पुढे ती कंपनी डबघाईला आली. १९३० मध्ये सरकारनं रेडिओ आपल्या हातात घेतला आणि १९३६ पासून तो ऑल इंडिया रेडिओ झाला. रेडिओ सरकारचा, म्हणून त्यावर बोलणारेही सरकारच्या मर्जीतले.

१९४२ मध्ये एका बावीस वर्षांच्या मुलीनं हे चित्र उलटं केलं. तिचं नाव उषा मेहता. 'चले जाव'ची हाक दिल्यावर पुढारी तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर बंधनं आली. तेव्हा उषाताई आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. पोलिसांना माग लागू नये म्हणून यंत्र या घरातून त्या घरात हलवत. विदर्भातल्या चिमूर आणि आष्टीत काय घडलं, ही बातमी सरकारी रेडिओ सांगत नव्हता, ती यांनी सांगितली. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी त्यांना पकडलं. कित्येक महिने चौकशी चालली, उषाताईंनी तोंड उघडलं नाही. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली आणि येरवड्याच्या तुरुंगात ठेवलं. इंग्रज सरकारच्या दृष्टीनं त्यांचं बोलणं आक्षेपार्हच होतं. तेव्हा "आक्षेपार्ह" हा शब्द कानावर आला की पहिल्यांदा विचारावं, आक्षेप कुणाचा आहे?

स्वातंत्र्य मिळालं आणि राज्यघटना आली. कलम १९ नं आपल्याला बोलण्याचा हक्क दिला. त्याच कलमात मर्यादाही सांगितल्या: देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, कुणाची बदनामी, गुन्ह्याला चिथावणी अशा कारणांसाठी कायदा करून वाजवी बंधन घालता येतं. "साहेबांना राग आला" हे कारण त्या यादीत नाही. तरीही आणीबाणीत, १९७६ मध्ये, किशोरकुमार सरकारी कार्यक्रमाला साथ देत नाहीत म्हणून आकाशवाणीवर त्यांची गाणी लावणंच बंद केलं होतं. त्यांनी कुणाला शिवी दिली नव्हती. फक्त "नाही" म्हटलं होतं.

पण बोलणाऱ्याला मोकळं रान दिलं तर काय होतं, याचंही उदाहरण जगानं पाहिलं आहे. आफ्रिकेत रवांडा नावाचा छोटा देश आहे. तिथे १९९३ मध्ये एक खाजगी रेडिओ सुरू झाला. गाणी, गप्पा, विनोद, लोकांना फार आवडायचा. हळूहळू त्या विनोदांत तुत्सी जमातीच्या लोकांना झुरळं म्हणायला लागले. १९९४ मध्ये कत्तल सुरू झाली तेव्हा त्याच रेडिओवरून माणसांची नावं आणि ठिकाणं सांगितली जात होती. सुमारे शंभर दिवसांत लाखो माणसं मारली गेली. पुढे आंतरराष्ट्रीय न्यायालयानं तो रेडिओ चालवणाऱ्यांना दोषी ठरवलं. त्यावर बोलणाऱ्या एका बाईलाही जन्मठेप झाली. आधी माणसाला किडा म्हणायचं, मग चिरडायला सांगायचं. सुरुवात हसण्यातूनच झाली होती.

आपल्या देशातही अशी एक ठिणगी पडली. सप्टेंबर २००७ मध्ये दार्जिलिंगचा प्रशांत तमांग हा पोलीस शिपाई 'इंडियन आयडॉल' स्पर्धा जिंकला. दिल्लीच्या एका एफएम वाहिनीवर निवेदकानं गंमत केली की, हे लोक आता गायला लागले, मग राखण कोण करणार? नेपाळीभाषक म्हणजे वॉचमन, असं त्या गमतीतलं गृहीत. सिलिगुडीत निषेधाचा मोर्चा निघाला, दंगल झाली, संचारबंदी लागली, लष्कर बोलवावं लागलं. वाहिनीला माफी मागावी लागली आणि केंद्र सरकारलाही दखल घ्यावी लागली. निवेदक दिल्लीत बसला होता आणि जखमी झाले सिलिगुडीतले लोक. महाडच्या आवईसारखंच झालं हे.

आता याच्या अगदी उलट गोष्ट. जुलै २०१७, मुंबई. मलिष्का या रेडिओ निवेदिकेनं एका लोकप्रिय गाण्याच्या चालीवर रस्त्यातल्या खड्ड्यांचं आणि तुंबलेल्या पाण्याचं विडंबन म्हटलं. लोकांना ते फार आवडलं. सत्ताधारी पक्षाच्या नगरसेवकांनी मात्र पाचशे कोटींचा अब्रुनुकसानीचा दावा लावा, अशी मागणी केली. त्याच दिवसांत महापालिकेचे कर्मचारी तिच्या कुटुंबाच्या घरी तपासणीला गेले आणि डासांच्या अळ्या सापडल्या म्हणून नोटीस दिली. पालिका म्हणाली, ही नेहमीची तपासणी. डासांच्या अळ्या शोधणं हे पालिकेचं कामच आहे. पण गाण्यातल्या खड्ड्यांना उत्तर खड्डे बुजवून द्यायचं असतं.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडे रेडिओ, दोन्हीकडे विनोद, दोन्हीकडे कुणीतरी दुखावलं गेलं. फरक एवढाच की एक विनोद गरीब चाकरमान्याच्या जमातीवर होता आणि दुसरा कारभाऱ्यांच्या कारभारावर. जमात कुणी निवडून घेत नाही. कारभार मात्र करणाऱ्याच्या हातात असतो. म्हणून कारभारावर बोलायला जास्तीत जास्त मोकळीक हवी, आणि कुणाच्या जन्मावर, जातीवर, रंगावर, व्यंगावर बोलताना जीभ आवरायला हवी.

हे सगळं मी का सांगते आहे? कारण आता माईक आपल्याही हातात येतो. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आकाशातल्या ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. तो निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. २००६ च्या धोरणानं सामाजिक संस्थांना सामुदायिक रेडिओची परवानगी मिळू लागली. २००८ मध्ये साताऱ्याच्या म्हसवडला माणदेशी तरंग सुरू झाला, तेलंगणात दलित बायकांचा संगम रेडिओ सुरू झाला. नियमही आले. आकाशवाणीची कार्यक्रम संहिता पाळायची, प्रत्येक कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग तीन महिने जपून ठेवायचं. नियम मोडला तर आधी महिनाभरापर्यंत, पुन्हा मोडला तर तीन महिन्यांपर्यंत परवानगी स्थगित होते, त्यानंतर रद्दच. शिवाय कायदा आहेच. भारतीय न्याय संहितेत बदनामीला कलम ३५६, समाजासमाजांत तेढ लावण्याला १९६, बाईच्या अब्रूला धक्का लागेल असं बोलण्याला ७९. जातीवरून अपमान केला तर ॲट्रॉसिटी कायदा.

आमच्या गटांत मी दोन प्रकार पाहिले आहेत. एका ताईंनी दारूच्या धंद्याबद्दल बोलायचं ठरवलं, तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या नवऱ्याला गाठून "बायकोला आवर" असं सांगण्यात आलं. दुसऱ्या एकीनं बोलता बोलता शेजारच्या सुनेच्या चारित्र्यावर शेरा मारला. पहिलीचं बोलणं लोकांना टोचलं, पण ते गावाच्या हिताचं होतं. दुसरीचं बोलणं ऐकून सगळ्या हसल्या, पण त्या सुनेला गावात राहणं कठीण झालं असतं. पहिलीच्या पाठीशी गटानं उभं राहायचं. दुसरीला गटानंच थांबवायचं.

म्हणून माईकसमोर बसण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. मी सांगते ते मला माहीत आहे, की नुसतं ऐकलेलं? मी कामाबद्दल बोलते आहे, की कुणाच्या जातीबद्दल, अंगाबद्दल, घरातल्या गोष्टीबद्दल? आणि जिच्याबद्दल बोलते, तिला याच माईकवर उत्तर देता येईल का?

आणि चूक झालीच तर? ज्या वेळेला, ज्या कार्यक्रमात बोललो, त्याच वेळेला, त्याच कार्यक्रमात नाव घेऊन दुरुस्ती करावी. दुखावलेल्या व्यक्तीला बोलायला बोलवावं. तेवढ्यानं भागत नसेल तर कायद्याची वाट मोकळी आहे. पण घरावर दगड, रेशन तोडणं, वाळीत टाकणं, नवऱ्याला धमकी, हे शब्दाचं उत्तर नव्हे. ज्या महाडनं आवईपायी मार पाहिला, त्याच महाडनं डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांचं बायकांसाठीचं भाषणही ऐकलं. त्या बायका ऐकायला आल्या होत्या. आज आपण बोलायला बसतो आहोत.

तेव्हा पुढच्या मासिक बैठकीत बचतीचा हिशोब झाला की हा विषय घ्या. कुणाला काय बोलायचं आहे आणि कशाची भीती वाटते, ते एकमेकींना सांगा. भीती बोलून दाखवली की तिच्यावर गटाला तोडगा काढता येतो.