विक्रीसंवादातील प्रभावतंत्रे आणि आष्टी परिसरातील कापूस व्यापार : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

विक्री ही केवळ माल आणि पैसा यांची देवाणघेवाण नसून तो दोन पक्षांमधील संवादही असतो. या संवादावर प्रभुत्व मिळविण्याचे तंत्र म्हणून न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग अर्थात एनएलपी ही पद्धती आज विक्री-प्रशिक्षणात शिकविली जाते. प्रस्तुत निबंधात वर्धा जिल्ह्यातील आष्टी परिसराच्या कापूस व्यापाराच्या इतिहासाआधारे या तंत्राच्या मर्यादांचा विचार केला आहे.

एनएलपीचे स्वरूप :

रिचर्ड बँडलर व जॉन ग्राइंडर यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया येथे ही पद्धती मांडली. तिचा उगम मानसोपचाराच्या क्षेत्रातील. पुढे ती व्यापारात आली. ग्राहकाच्या बोलण्याची गती, स्वर व देहबोली यांच्याशी जुळवून घेऊन जवळीक साधणे, त्याच्याच शब्दांत त्याच्याशी बोलणे, विशिष्ट स्पर्श किंवा शब्द अनुकूल भावनेशी जोडणे आणि आक्षेपाला नवा अर्थ देणे ही तिची प्रमुख तंत्रे होत. मात्र अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या १९८८ मधील अहवालाला तिच्या परिणामकारकतेचा पुरेसा शास्त्रीय पुरावा आढळला नाही.

आष्टी परिसर आणि कापूस :

आष्टीचे नाव १६ ऑगस्ट १९४२ च्या उठावामुळे इतिहासात अजरामर झाले आहे. परंतु या भूमीचा आर्थिक इतिहास कापसाशी निगडित आहे. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना होणारा कापूसपुरवठा खंडित झाला आणि वऱ्हाड व वर्धा खोऱ्यातील कापसाला मोठी मागणी आली. १८६७ मध्ये मुंबईहून येणारा लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. आष्टी त्या काळी आर्वी तहसिलीत समाविष्ट होती. आर्वी ही कापसाची पेठ म्हणून प्रसिद्धीस आली आणि पुढे पुलगाव-आर्वी या अरुंदमापी रेल्वेने मुख्य मार्गाशी जोडली गेली. अशा रीतीने खेड्यातील कास्तकाराची गाठ जागतिक बाजारपेठेशी पडली.

रुमालाखालचा सौदा :

देशातील अनेक घाऊक बाजारांत सौद्याची ‘हत्ता’ पद्धत रूढ होती. अडत्या व खरेदीदार रुमालाखाली हात घेऊन बोटे दाबत आणि भाव ठरवीत. ज्याचा माल विकला जात असे तो शेतकरी जवळच उभा असूनही त्याला हा संवाद कळत नसे. अडत्या नावाने शेतकऱ्याचा प्रतिनिधी. पण खरेदीदाराशी त्याचा संबंध रोजचा, तर शेतकऱ्याशी हंगामापुरता. शिवाय शेतकऱ्याने अडत्याकडून आधीच उचल घेतलेली असल्यास त्याला नकार देण्याचे स्वातंत्र्यही उरत नसे. तोलाई, हमाली, धर्मादाय आणि कडता यांची कपात वेगळीच. एनएलपी ज्या जवळिकीला विक्रीचे साधन मानते, ती जवळीक येथेही होती; परंतु ती अडत्या व खरेदीदार यांच्यातील होती.

कायद्याने बदललेला संवाद :

या परिस्थितीवर उपाय संभाषणकौशल्याने नव्हे, तर कायद्याने झाला. हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशान्वये १८८६ मध्ये कारंजा येथे नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. वर्धा नदीच्या पलीकडे वऱ्हाड, तर अलीकडे मध्य प्रांत. मध्य प्रांताचा स्वतंत्र कापूस बाजार कायदा १९३२ मध्ये झाला. म्हणजेच एकाच नदीच्या दोन काठांवरील शेतकऱ्यांमध्ये कायद्याच्या दृष्टीने ३५ वर्षांचे अंतर होते. नियंत्रित बाजारांच्या नियमांनी कालांतराने गुप्त खुणांनी भाव ठरविण्यास मनाई केली आणि उघड लिलाव आला. महाराष्ट्रात १९६३ चा कृषी उत्पन्न पणन कायदा झाला. त्यानंतर १९७१ च्या कायद्यान्वये एकाधिकार कापूस खरेदी योजना आली. भाव शासनाने जाहीर केल्यामुळे घासाघीस संपली. परंतु वादाचा विषय भावाऐवजी प्रतवारी हा झाला. पुढे ही मक्तेदारी शिथिल होऊन खासगी व्यापारी पुन्हा बाजारात आले.

निष्कर्ष :

१. विक्रीसंवादाचा निकाल बोलण्याच्या कौशल्यापेक्षा भावाची माहिती कोणाकडे आहे आणि नकार देण्याची ताकद कोणात आहे यावर अधिक अवलंबून असतो.

२. प्रभावतंत्र स्वतः चांगले अथवा वाईट नसते. जो व्यवहार समोरच्याला दिसू नये अशी तजवीज केली जाते, तेथेच ते फसवणुकीचे साधन बनते.

३. कास्तकाराला मधुर बोलण्याची कला शिकविण्यापूर्वी त्याला उघड भाव, अचूक वजन आणि रोख चुकारा मिळणे आवश्यक आहे. रुमाल बाजूला झाल्याशिवाय संवाद बरोबरीचा होत नाही, हाच या इतिहासाचा बोध होय.