कांपालची कला अकादमी

पेडणे महालात जत्रेच्या रात्री देवळाच्या आवारात दशावतारी नाटक उभे राहते. रंगमंच म्हणण्यासारखे तेथे फारसे काही नसते. एक बाक, पेटी, मृदंग आणि झांज एवढ्या साहित्यावर पहाटेपर्यंत खेळ रंगतो. येणाऱ्याने कोठून यावे, कोठे बसावे, ह्याला बंधन नाही. ह्या रीतीत वाढलेल्या माणसाने कोलवाळचा पूल ओलांडून, म्हापसा मागे टाकून, पणजीस मांडवीच्या काठी कांपाल येथे यावे. तेथील कला अकादमीची वास्तू नव्या युगाची व सिमेंट-काँक्रीटची असली, तरी त्यास ती परकी वाटणार नाही.

गोवामुक्तीनंतर, १९७० साली ही संस्था स्थापन झाली. दयानंद बांदोडकर तेव्हा मुख्यमंत्री होते. तिच्या वास्तूचे काम चार्ल्स कोरिया ह्यांच्याकडे आले. १९३० साली सिकंदराबादेस जन्मलेला हा स्थपती मूळचा गोमंतकीय कुळातला. अमेरिकेत शिकलेला, आणि साबरमतीच्या गांधी संग्रहालयामुळे १९६३ पासूनच नावारूपास आलेला. १९७३ च्या सुमारास हाती घेतलेली ही वास्तू १९८३ साली पुरी झाली.

त्यापूर्वी कलेचे रीतसर शिक्षण घ्यावयाचे तर गोमंतकीयास मुंबई गाठावी लागे. तेथील सर जे. जे. कलाशाळेची १८७८ ची इमारत टोकदार कमानींची, भारदस्त, शिष्याने दबकून आत शिरावे अशी. सांग्याचे आंतोनिओ शाव्हिएर त्रिंदाद तेथेच शिकले आणि पुढे तेथेच शिक्षक झाले.

कोरियांनी ह्याच्या उलट केले. कांपालच्या रस्त्यावरून आत येताना भव्य दरवाजा लागत नाही. डोक्यावर काँक्रीटच्या तुळयांचा मांडव लागतो. त्याच्या सावलीतून चालत गेले की माणूस दालनांमधून थेट नदीकाठी पोहोचतो. एका बाजूस संगीताचे व नाट्याचे वर्ग, दुसरीकडे दीनानाथ मंगेशकर कलामंदिर, पलीकडे उघडे नाट्यगृह. तिकीट न काढलेला मनुष्यही ह्या वाटेने जाऊ शकतो, आणि जाता जाता कोणाचा तरी व्हायोलिनचा किंवा तबल्याचा रियाज त्याच्या कानी पडतो. देवळाचा सभामंडप, चर्चसमोरचे मोकळे मैदान, गोमंतकीय घराचा सोपा ह्या सर्वांची आठवण ह्या वाटेत आहे. कलामंदिराच्या भिंतींवर मारिओ मिरांडा ह्यांनी जुन्या नाटकगृहातील सज्जे आणि त्यांत बसलेले प्रेक्षक रंगविले. नाटक सुरू होण्यापूर्वीच सभागृह अर्धे भरल्यासारखे दिसते, ही गंमत खास मारिओंचीच!

परंतु उघड्या घराला पावसाचे भय अधिक. जांभ्या दगडाच्या जुन्या घराला दरवर्षी मिरगाआधी शाकारणी लागे. कौले परतावीत, भिंतीला चुना द्यावा, हे कोणाला सांगावे लागत नसे. काँक्रीटची गच्ची आली आणि हा वार्षिक धर्म सुटला. खाडीची खारी हवा बारीक भेगांतून आत शिरते, लोखंडी सळया गंजून फुगतात आणि आतूनच काँक्रीट फोडतात. हा दोष वास्तूच्या मोकळेपणाचा नव्हे. तो दुर्लक्षाचा आहे. पुढे उघड्या नाट्यगृहाचा भाग पाडण्याची भाषा निघाली, तेव्हा कोरियांच्या नावाचे प्रतिष्ठान व अनेक कलावंत विरोधास उभे राहिले. कोरिया स्वतः २०१५ मध्येच निवर्तले होते. २०२१ साली दुरुस्तीसाठी वास्तू बंद झाली. काम चालू असतानाच १७ जुलै २०२३ रोजी उघड्या नाट्यगृहाच्या रंगमंचावरील छत कोसळले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दारे पुन्हा उघडली, तरी ध्वनी आणि गळती ह्यांविषयी रंगकर्मींच्या तक्रारी थांबल्या नाहीत.

छत पुन्हा घालता येते. जपावयाची आहे ती रस्त्यापासून नदीपर्यंतची वाट. सुरक्षेच्या नावाखाली तेथे एक फाटक आणि एक पहारेकरी बसविला, तर वास्तू उभी राहील, पण पेडण्याहून आलेल्या मुलाला आत येण्यासाठी आधी परवानगी मागावी लागेल.