परदेशी पासपोर्ट आणि इथलं घर

आपल्या सभासद नोंदवहीत आता अमेरिका, दुबई, ऑस्ट्रेलियाचे पत्ते दिसतात. सचिव असताना मला हमखास विचारलं जायचं, "मुलगा तिकडचा नागरिक झाला. इथं फ्लॅट घेता येईल का हो त्याला?"

येतो, पण पूर्वी तसं नव्हतं. १९७३च्या 'फेरा' कायद्यात परदेशी नागरिकाला, मग तो मूळचा इथला का असेना, रिझर्व्ह बँकेची परवानगी लागे. पुढे नियम सैल झाले आणि १ जून २००० पासून 'फेमा' लागू झाला. अनिवासी भारतीय किंवा ओसीआय कार्डधारक आज फ्लॅट, दुकानाचा गाळा खुशाल घेऊ शकतो. पैसे मात्र बँकेमार्फतच; डॉलरच्या नोटा चालत नाहीत!

खरी ठेच लागते ती शेतीला. शेतजमीन, मळा, फार्महाऊस त्यांना विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानेही नाही. वारशाने तेवढी मिळते. ओसीआयवाल्याला ती विकायची तर भारतात राहणाऱ्या व्यक्तीलाच, आणि आपल्या कूळकायद्यामुळे तो सहसा शेतकरीच लागतो.

आपल्याच इमारतीतले दोघे भाऊ. कोकणातली वडिलोपार्जित आंब्याची बाग दोघांच्या नावावर. धाकट्याला पैशांची नड आली. थोरला अमेरिकन नागरिक, पैसे हातात घेऊन तयार. पण भावाचा हिस्सा विकत घ्यायला कायद्याची आडकाठी. शेवटी तो हिस्सा शेजारच्या बागायतदाराने घेतला. थोरल्याने मग आपल्या सोसायटीत दुसरा फ्लॅट घेतला. त्याला कुणाचीच परवानगी लागली नाही.