न टोचलेल्यांचा हिशेब

आमच्या कामात ‘ए-बी टेस्ट’ रोजची. अ‍ॅपच्या निम्म्या वापरकर्त्यांना नवं बटण दाखवायचं, उरलेल्यांना जुनंच ठेवायचं आणि काही दिवसांनी दोघांचे आकडे शेजारी मांडायचे. नवं मिळालं तो प्रायोगिक गट, जुनं राहिलं तो नियंत्रण गट, म्हणजेच कंट्रोल ग्रुप. तुमच्या फोनमधल्या एखाद्या अ‍ॅपने तुम्हालाही न सांगता अशा गटात टाकलेलं असू शकतं. यात फार तर एखादं क्लिक जातं. पण मुंबईत सव्वाशे वर्षांपूर्वी अशीच वाटणी झाली, तेव्हा माणसांचे जीव पणाला लागले होते.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. मूळ ओडेसाचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या प्रयोगशाळेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. ते जगले. पण त्यावरून लस माणसाला झेपते एवढंच कळलं. ती प्लेग रोखते का, हे एका माणसावरून कळणार कसं? कदाचित त्यांना प्लेग झालाच नसता.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तुरुंगात सगळ्यांचं अन्न एक, भिंती त्याच, म्हणजे तुलनेला जागा चांगली. जवळपास निम्म्या कैद्यांनी स्वतःहून लस घेतली. टोचणीच्या दिवशीच आजारी निघालेले वगळले, तर लस घेतलेल्यांपैकी दोघं आजारी पडले, दगावलं कुणीच नाही. न घेतलेल्यांत १२ आजारी पडले, त्यातले ६ गेले.

आकडे बोलके आहेत, पण एक खोच आहे. जे स्वतःहून पुढे आले, ते मुळातच जास्त धडधाकट असतील तर? मग फरक लसीचा की माणसांचा? आमच्याकडेही नवं फीचर हौसेने चालू करणाऱ्यांचीच आकडेवारी घेतली, तर ते फीचर हमखास हिट ठरतं.

१८९८ च्या सुरुवातीला उमरखाडीच्या तुरुंगात हीच पळवाट बंद केली गेली. तिथे एकाआड एक कैद्याला लस दिली. कोण कुठल्या गटात, हे कैद्याच्या मर्जीवर राहिलं नाही. शास्त्राच्या दृष्टीने ही सुधारणा होती. कैद्यांच्या दृष्टीने? बंद दाराआडच्या माणसाच्या होकाराला किती अर्थ असतो, हा प्रश्न उरतोच.

त्याच वर्षी बडोद्याजवळच्या उंडेरा गावात वाटणी थेट घरात गेली. प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना लस, निम्म्यांना नाही. घर, पाणी, उंदीर सगळं सारखं. नंतर ज्या घरांत प्लेग शिरला, तिथला हिशेब असा: लस घेतलेल्या ७१ पैकी ८ आजारी, ३ मृत्यू. न घेतलेल्या ६४ पैकी २७ आजारी, २६ मृत्यू. म्हणजे शंभरात सुमारे ४ विरुद्ध ४०.

आता फक्त पहिला आकडा ठेवा. ‘७१ पैकी ३ गेले.’ यावरून काय कळतं? साथ ओसरली असेल, गावाचं नशीब चांगलं असेल, काहीही म्हणता येतं. त्या ३ ला अर्थ येतो तो शेजारच्या २६ मुळे. सरकारच्या प्लेगच्या सक्तीवर लोक चिडलेले होते, पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. अशा काळात ‘लस घ्या’ म्हणायला नुसता अधिकार पुरेसा नव्हता, पुरावा हवा होता.

आज चाचणीआधी माहिती देऊन संमती घ्यावी लागते, नीतिसमितीची परवानगी लागते, आणि फरक लवकर स्पष्ट झाला तर चाचणी मध्येच थांबवता येते. हे नियम हवेतच. कारण नियंत्रण गट म्हणजे तक्त्यातला रिकामा रकाना नाही. उंडेऱ्यात ती एकाच घरातली, एकाच चुलीवरचं जेवणारी माणसं होती. ‘सिद्ध झालेली लस’ असं आपण सहज म्हणतो, तेव्हा त्यात त्यांचाही वाटा असतो.