ट्रकचा 'ब्रेक फेल' म्हणजे नेमकं काय? एअर ब्रेकमधला बिघाड असा शोधतात

सिग्नलला तुमच्या शेजारी थांबलेला ट्रक निघताना 'फुस्स' करतो. तो आवाज बिघाडाचा नाही. ड्रायव्हरने ब्रेकवरचा पाय उचलला की चाकापर्यंत गेलेली हवा बाहेर सोडली जाते, एवढंच. कारच्या ब्रेकमधलं ऑईल दाब देऊन परत आपल्या डब्यात येतं. ट्रकची हवा मात्र एकदा वापरली की गेली, म्हणून ती सतत नव्याने भरावी लागते. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, मेकॅनिक नाही. पण माझं काम ट्रकमधून येणाऱ्या डेटाशी आहे, त्यामुळे वर्कशॉपमध्ये बऱ्यापैकी वेळ जातो. घाटात अपघात झाला की व्हॉट्सॲपवर 'ब्रेक फेल' हे दोनच शब्द फिरतात आणि आपण समजतो की पाइप फुटला, हवा गेली. अनुभवी मिस्त्री मात्र हवेच्या काट्यावर थांबत नाही. तो गाडीखाली शिरतो आणि चाकाजवळचा एक दांडा किती बाहेर येतो ते बघतो.

हवा चाकापर्यंत कशी जाते

इंजिनवर चालणारा कंप्रेसर हवा दाबतो. एअर ड्रायर त्यातलं पाणी काढतो आणि कोरडी हवा टाक्यांमध्ये साठते, साधारण ८ बारला. तुमच्या कारच्या टायरमध्ये सव्वादोन बार असते, त्यावरून अंदाज घ्या. टाक्यांची दोन वेगळी सर्किट असतात. एक गळलं तरी दुसऱ्यावर गाडी थांबवता यावी, हा त्यामागचा हेतू.

पॅडल दाबलं की टाकीतली हवा प्रत्येक चाकाजवळच्या ब्रेक चेंबरमध्ये शिरते. चेंबर म्हणजे डब्यासारखं भांडं, आत रबरी पडदा, त्याला डायफ्राम म्हणतात. हवा पडद्याला ढकलते, पडदा पुशरॉड नावाच्या दांड्याला ढकलतो. दांडा स्लॅक ॲडजस्टर नावाचा हात फिरवतो, त्या हाताने इंग्रजी एस आकाराचा कॅम फिरतो आणि कॅम ब्रेक शूंना फाकवून त्यांचे लायनर ड्रमवर घासतो. म्हणजे हवेचं काम चेंबरपाशी संपतं. तिथून पुढे सगळं लोखंड आणि घर्षण.

मागच्या चाकांच्या चेंबरमध्ये आणखी एक जाड स्प्रिंग असते आणि तिचं गणित उलटं असतं. ती हवेने दाबून धरलेली असते. हवा पुरेशी कमी झाली की स्प्रिंग सुटते आणि ब्रेक आपोआप लागतो. हँडब्रेकही हाच. हा विचार ट्रकपेक्षा जुना आहे. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ मध्ये रेल्वेसाठी एअर ब्रेकचं पेटंट घेतलं, पण त्या पहिल्या रचनेत पाइप तुटला की ब्रेकच जायचा. थोड्याच वर्षांत त्याने ती उलटवली: हवा गेली तर ब्रेक लागला पाहिजे.

मग हवा गेल्यावर ट्रक जागीच जाम व्हायला हवा. उतारावर सुटतो कसा?

काटा फुल, ब्रेक गुल

लोणावळा आणि खोपोली यांच्या उंचीत साधारण साडेपाचशे मीटरचा फरक आहे. ३० टनांचा ट्रक तेवढा खाली उतरला की जवळपास ४५ युनिट ऊर्जा मोकळी होते. हो, वीजबिलावरचंच युनिट. ५००० एमएएचचे सुमारे २३०० फोन शून्यापासून पूर्ण चार्ज होतील एवढी. यातली थोडी हवेचा आणि टायरचा विरोध खातो. उरलेली एकतर इंजिनने रोखायची किंवा ब्रेकने उष्णता करून सोडायची. योग्य गिअरमध्ये इंजिन मोठा वाटा उचलतं. न्यूट्रलमध्ये काहीच उचलत नाही.

मग ड्रम तापतो आणि दोन गोष्टी एकदम घडतात. लायनरची पकड कमी होते. आणि ड्रम तापल्यामुळे फुगतो, म्हणजे शूपासून लांब जातो. आता तिथपर्यंत पोहोचायला पुशरॉडला जास्त बाहेर यावं लागतं. पण चेंबरची खोली ठरलेली असते. ट्रकवर सर्रास दिसणाऱ्या '३० नंबर'च्या साध्या चेंबरमध्ये दांड्याला एकूण अडीच इंचांच्या आसपास जागा मिळते, आणि अमेरिकेतल्या नियमांनुसार थंड असताना तो २ इंचांपलीकडे गेला की ॲडजस्टमेंट करावीच लागते. थंड असतानाच जो ब्रेक या काठावर आहे, तो तापल्यावर चेंबरच्या तळाला टेकतो. ड्रायव्हर पॅडल पूर्ण दाबतोय, काटा ७-८ बार दाखवतोय, हवा पडद्यावर पूर्ण ताकदीने ढकलतेय, पण ती ताकद ड्रमपर्यंत पोहोचतच नाही. स्प्रिंग ब्रेकही इथे वाचवत नाही, कारण तोही त्याच दांड्याने तोच तापलेला ड्रम दाबतो.

पुण्यात नवीन कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार याच कारणांसाठी बदनाम आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका ट्रकमुळे चाळीसहून जास्त गाड्यांचं नुकसान झालं, आणि त्यानंतर डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल टाकण्याचा किंवा इंजिनच बंद करण्याचा मुद्दा पुन्हा चर्चेत आला. इंजिन बंद म्हणजे कंप्रेसर बंद. पॅडल पंपासारखं मारत राहिलात तर दर वेळी थोडी हवा बाहेर जाते आणि नवी येत नाही. वर पॉवर स्टिअरिंगही जातं. वाचलेलं डिझेल किती रुपयांचं असेल?

बिघाड शोधायचा कसा

मला हा भाग आवडतो, कारण हे सरळ डिबगिंग आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं. सपाट जागा, चाकांना पुढून-मागून ओंडके, मगच हँडब्रेक सोडायचा.

पहिली चाचणी शांततेची. टाक्या भरून इंजिन बंद करा, पॅडलला हात-पाय लावू नका, एक मिनिट काटा बघा. अमेरिकेत जड वाहनाच्या लायसन्सच्या परीक्षेत एकट्या ट्रकसाठी मिनिटाला २ पीएसआय, म्हणजे साधारण ०.१४ बार, एवढीच घट चालते. मग पॅडल दाबून धरा. सुरुवातीचा झटका सोडून पुढच्या मिनिटात ३ पीएसआय चालतात. या दोन आकड्यांतच निम्मं उत्तर असतं. न दाबताच हवा उतरत असेल तर गळती टाक्या, पाइप, व्हॉल्व्ह किंवा स्प्रिंगच्या बाजूला. फक्त दाबल्यावर उतरत असेल तर पॅडलच्या पुढे, बहुधा एखाद्या चेंबरचा डायफ्राम फाटलाय. त्या चेंबरच्या छोट्या भोकातून हवा येताना ऐकू येते. नाही आली तर साबणाचं पाणी आहेच. इथे अजून कुठलं ॲप त्याच्यापुढे गेलेलं नाही.

हवा भरायलाच वेळ लागत असेल तर टाकीच्या तळाचा ड्रेन उघडून बघा. थोडं पाणी आलं तर ड्रायरचा कार्ट्रिज संपत आलाय. काळपट, तेलकट चिकटा आला तर कंप्रेसरच्या रिंगा झिजल्यात आणि तेल वर येतंय. अशा वेळी नुसता कार्ट्रिज बदलून उपयोग नाही, नवाही लवकरच भरेल. टाक्या भरल्यावर ड्रायर एकदा जोरात 'फस्स' करतो ते बरोबर. तो थांबलाच नाही तर त्याच्या व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय.

दुसरी चाचणी उष्णतेची. थोडं अंतर चालवून आल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने प्रत्येक ड्रमचं तापमान घ्या. हात लावायचा नाही, भाजेल. सगळे तापलेत आणि एक गार आहे? तो ब्रेक कामच करत नाहीये. एकच फार तापलाय? तो सुटत नाहीये: रिटर्न स्प्रिंग तुटली असेल, कॅम जाम असेल किंवा हवा सोडणारा व्हॉल्व्ह अडकला असेल. ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते तेव्हाही हेच बघतात. लायनरवर ग्रीस उतरलेलं असेल तर तो लायनर धुऊन वापरू नका, दोन्ही बाजूंचे बदला.

तिसरी चाचणी खडूची. पुशरॉड चेंबरमधून जिथे बाहेर येतो तिथे त्याच्यावर खूण करा, दुसऱ्याला सहा-सात बार प्रेशरवर पॅडल दाबून धरायला सांगा, खूण किती सरकली ते पट्टीने मोजा. प्रत्येक चाकाला. पाच मिनिटांचं काम आहे आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारंही हेच.

दुरुस्तीत दोन धोके

हल्लीच्या ट्रकवर ऑटोमॅटिक स्लॅक ॲडजस्टर असतो, तो झिजेप्रमाणे स्वतःला घट्ट करत जातो. तरीही दांडा जास्त बाहेर येत असेल तर पाना घेऊन हाताने घट्ट करणं ही पळवाट आहे. आकडा आज बरोबर येईल, काही दिवसांत पुन्हा वाढेल. खरं कारण झिजलेली पिन, सैल झालेला कॅमचा बुश किंवा मेलेला ॲडजस्टर असतो. तो भाग बदलावाच लागतो.

दुसरा धोका जिवाचा. मागच्या चेंबरमधली स्प्रिंग शेकडो किलोंच्या जोराने दाबलेली असते. हवा काढली तरी ती दाबलेलीच राहते. यूट्यूब बघून तो क्लॅम्प उघडू नका. तिला आधी बोल्टने बांधून ठेवावं लागतं, आणि ते काम वर्कशॉपचंच.

आता माझ्या बाजूचं. ट्रकच्या आतल्या जे१९३९ नेटवर्कवर दोन्ही सर्किटचं प्रेशर येतं, म्हणून मालकाच्या फोनवर हिरवा दिवा दिसतो. दांडा किती बाहेर आला हे मात्र बहुतेक ट्रकमध्ये कुठलाच सेन्सर सांगत नाही. एक आडवाट आहे: दांडा जितका जास्त बाहेर येतो, तितकी दर ब्रेकला जास्त हवा लागते. त्यामुळे तेवढंच पॅडल दाबल्यावर टाकीचं प्रेशर पूर्वीपेक्षा जास्त पडू लागलं तर शंका घ्यायला जागा आहे. पण कुठल्या चाकाला हे होतंय ते त्या डेटातून कळत नाही. त्यासाठी खडू घेऊन खालीच शिरावं लागतं.